नोकरीच्या ठिकाणी होणारा भेदभाव : कर्मचाऱ्यांची जाणीव कशी विचारावी व कशी मोजावी

१९१८ च्या नोव्हेंबर महिन्यात बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठातील उच्च अध्ययन त्यांच्या पाठीशी होते आणि त्यांची व्याख्याने ऐकण्यास विद्यार्थी उत्सुक असत. तथापि प्राध्यापकांच्या खोलीत पिण्याच्या पाण्याचे जे भांडे ठेवलेले असे, त्यातील पाणी त्यांनी घेऊ नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली. त्यांच्या चरित्रात ही घटना नोंदली गेली आहे.

आता अशी कल्पना करावी की, त्या वर्षी त्या खोलीत कोणी एक छापील कागद फिरविला असता व त्यावर एवढाच प्रश्न असता : ‘या संस्थेत सर्वांना समान वागणूक मिळते काय?’ बहुतेकांनी ‘होय’ असे लिहिले असते, आणि आपण खोटे लिहीत आहोत असे त्यांना वाटलेही नसते. एखाद्याच कागदावर ‘नाही’ आले असते. शेकडेवारी काढणाऱ्याने ते एक उत्तर बाजूस सारून ‘बहुसंख्य कर्मचारी समाधानी आहेत’ असा अहवाल सादर केला असता. बेरीज बरोबर असूनही अहवाल निखालस चुकीचा ठरला असता. असे का व्हावे, आणि ते टाळण्यास काय करावे, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

हा विषय शिक्षकांच्या अभ्यासाचा कसा, अशी शंका कोणास येईल. शिक्षक हा स्वतः कर्मचारी आहे. त्याची शाळा हे त्याचे कामाचे ठिकाण आहे. आणि गावात कोणतीही पाहणी करावयाची झाली की कागद प्रथम त्याच्याच हाती येतो. मुलांना समतेचा पाठ शिकविणाऱ्या इमारतीतच मोठ्या माणसांची आपापसातील वागणूक कशी आहे, हे पाहण्याचा प्रसंग मात्र क्वचितच येतो.

प्रथम मोजावयाचे काय, हे निश्चित केले पाहिजे. प्रत्यक्ष घडलेली वागणूक, त्या वागणुकीचे ती सोसणाऱ्याला अगर पाहणाऱ्याला झालेले आकलन, आणि वागणाऱ्याच्या मनातील वृत्ती, या तीन गोष्टी निरनिराळ्या आहेत. प्रश्नावलीने हाती येते ती मुख्यतः दुसरी, म्हणजे जाणीव. जाणीव हा न्यायालयातील पुरावा नव्हे हे खरे. परंतु ‘ते त्यांच्या मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून ती उडवून लावणेही अशास्त्रीय होय. ज्या शिक्षिकेची अशी खात्री झाली आहे की, आपण काही सुचविले तर कोणी ऐकणार नाही, ती शिक्षण परिषदेत तोंड उघडत नाही. तिची समजूत बरोबर असो वा नसो, तिच्या मौनाने शाळेचे होणारे नुकसान खरे असते.

वृत्ती विचारून वागणूक कळत नाही, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. रिचर्ड लापिएर नावाचे समाजशास्त्रज्ञ १९३० पासून सुमारे दोन वर्षे एका चिनी दांपत्यासह त्या देशभर फिरले. त्या काळी तेथे चिनी लोकांविषयी मोठा आकस होता. सुमारे अडीचशे उपाहारगृहांत व निवासगृहांत ते गेले; एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. काही महिन्यांनी त्यांनी त्याच चालकांना पत्राने विचारले, ‘आपण चिनी पाहुण्यांना घ्याल काय?’ १२८ उत्तरे आली आणि त्यांतील शेकडा नव्वदांहून अधिक उत्तरे ‘नाही’ अशी होती. हा अभ्यास १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे पुष्कळदा याच्या उलट घडते. कागदावर सर्वजण समतावादी असतात, आणि जेवणाच्या सुटीत डबे उघडले की बसण्याच्या जागा आपोआप ठरतात.

तेव्हा सर्वाधिक काळजी घ्यावयाची ती प्रश्नाच्या रचनेची. २०११-१२ मध्ये झालेल्या भारत मानव विकास सर्वेक्षणात देशातील बेचाळीस हजारांहून अधिक कुटुंबांना भेटी देण्यात आल्या. त्यात प्रथम सरळ विचारले गेले, घरात कोणी अस्पृश्यता पाळते काय? ज्यांनी नाही म्हटले त्यांना पुढे विचारले गेले की, अनुसूचित जातीची व्यक्ती आपल्या स्वयंपाकघरात आली किंवा तिने घरातील भांडी वापरली, तर चालेल काय? दोन्ही उत्तरे एकत्र केली असता सुमारे २७ टक्के कुटुंबांत ही चाल कोणत्या तरी स्वरूपात शिल्लक असल्याचे दिसले. पहिल्या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणणारी काही माणसे दुसऱ्या प्रश्नाशी अडखळली, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘अस्पृश्यता’ हा शब्द त्यांना परका व जुना वाटला; स्वयंपाकघर आणि भांडे मात्र त्यांच्या ओळखीचे होते.

हेच सूत्र डेव्हिड विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात १९९५ साली केलेल्या पाहणीत वापरले. दैनंदिन भेदभाव मोजण्याची त्यांची नऊ प्रश्नांची श्रेणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे अनेक देशांत ती उपयोगात आली. या प्रश्नांत भेदभाव हा शब्द येत नाही. इतरांपेक्षा आपल्याला कमी आदराने वागविले जाते असे किती वेळा होते? आपण हुशार नाही असे गृहीत धरून लोक वागतात, असे किती वेळा होते? आपण अप्रामाणिक आहोत असे समजून कोणी वागते काय? उत्तर ‘होय-नाही’ असे नसून ‘जवळजवळ रोज’ येथपासून ‘कधीच नाही’ येथपर्यंतच्या पायऱ्यांवर द्यावयाचे असते. असे प्रसंग घडतात असे सांगणाऱ्यास शेवटी विचारले जाते की, आपल्या मते याचे मुख्य कारण काय असावे : वंश, स्त्री असणे, वय, शरीराची ठेवण की आणखी काही? आधी वागणूक व मागाहून कारण, हा क्रम महत्त्वाचा आहे. कारण आधी विचारले तर माणूस सावध होतो, किंवा आपल्यावर कुरकुऱ्याचा शिक्का बसेल या भीतीने गप्प राहतो.

आपल्या शाळांसाठी असे प्रश्न तयार करावयाचे झाल्यास ते आपल्याच व्हरांड्यातून उचलावे लागतील. ‘आपल्या शाळेत जातिभेद पाळला जातो काय?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याऐवजी असे विचारता येईल : ‘गेल्या बारा महिन्यांत आपण आणलेला डबा सहकाऱ्यांनी वाटून घेतला, असे किती वेळा झाले?’ ‘नव्या ओळखीत आपले आडनाव ऐकल्यावर गाव, मग वाडी, मग पाहुणे कोणते, असे प्रश्न किती वेळा आले?’ (आडनावाच्या मागोमाग येणाऱ्या या चौकशीचा हेतू विचारणारा व ऐकणारा दोघेही जाणतात, तरीही तिची नोंद कोठे होत नाही.) ‘पाहुण्यांसाठी चहा करण्याचे काम आपल्याकडे किती वेळा आले?’ हा शेवटचा प्रश्न पुरुष व स्त्री शिक्षकांना सारखाच विचारावा आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी मांडावीत. ‘बैठकीची जागा ठरविताना जिने व अंतर यांचा विचार आपल्यासाठी झाला काय?’ हा प्रश्न दिव्यांग शिक्षकांच्या दृष्टीने आवश्यक होय. दूरच्या वाडीवरील शाळा, निवडणुकीचे व गणनेचे काम, स्नेहसंमेलनात व्यासपीठावरील खुर्ची, गावातील घर भाड्याने मिळणे, या बाबतींतही असेच नेमके प्रश्न करता येतात. कालावधी ठरवून द्यावा. ‘कधी तरी’ असे विचारल्यास वीस वर्षांपूर्वीचा प्रसंग व कालचा प्रसंग एकाच टोपलीत पडतात.

एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबू नयेत. ‘मुख्याध्यापक व सहकारी आपल्याशी न्यायाने वागतात काय?’ या प्रश्नाला, ज्याचे मुख्याध्यापक चांगले पण सहकारी वाईट आहेत, त्याने काय लिहावे? उत्तर सुचविणारे प्रश्नही टाळावेत.

जेथे मत अजमावयाचे असेल तेथे रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडलेली पद्धती सोयीची आहे. एक विधान द्यावयाचे आणि त्याखाली पाच पायऱ्या ठेवावयाच्या : पूर्णपणे मान्य, मान्य, सांगता येत नाही, अमान्य, पूर्णपणे अमान्य. यांना ५ ते १ असे गुण देतात. काही विधाने अनुकूल व काही प्रतिकूल असावीत आणि गुण देताना प्रतिकूल विधानांचा क्रम उलटावा. असे न केल्यास पहिल्याच चौकटीवर खुणा करीत जाणाऱ्याचा कागद आणि विचारपूर्वक भरलेला कागद सारखेच दिसू लागतात. मधल्या पायरीकडे विशेष लक्ष पुरवावे. भ्यालेल्या माणसाचा तो आसरा असतो. एखाद्या गटाचे बरेच कागद ‘सांगता येत नाही’ वरच थांबले असतील, तर त्यास तटस्थता समजण्याची घाई करू नये. या लोकांना कोणाची भीती वाटते, असा प्रश्न तेथे उद्भवतो.

यावरून ओघानेच गुप्ततेचा मुद्दा येतो, आणि खेड्यात तो शहरापेक्षा कितीतरी बिकट आहे. कागदावर नाव लिहू नये एवढ्याने काम भागत नाही. शिक्षकांना एकमेकांचे अक्षर ओळखता येते. वर्षानुवर्षे एकाच हजेरीपटावर सर्वांनी सह्या केलेल्या असतात. यासाठी कागदावर लिहावयाचे काहीच ठेवू नये, केवळ खुणा ठेवाव्यात. शाई सर्वांची एक असावी. दुसरी अडचण संख्येची. केंद्रात अनुसूचित जमातीची शिक्षिका एकच असेल आणि कागदावर प्रवर्ग, लिंग, वय व सेवेची वर्षे विचारली असतील, तर नाव न लिहिताही ते लिहिल्यासारखेच होते. म्हणून पाचांहून लहान गटाची उत्तरे स्वतंत्रपणे जाहीर करू नयेत. अनेक केंद्रांची उत्तरे तालुक्याच्या पातळीवर एकत्र करून मग त्यांचा विचार करावा. कागद ज्यांच्या वागणुकीविषयी आहेत त्यांनीच ते गोळा करू नयेत, हे तर उघड आहे. तरीही मुख्याध्यापकांच्या टेबलावर उघडे गठ्ठे ठेवण्याची रीत पुष्कळ पाहण्यांत दिसून येते, आणि मग उत्तरे फार चांगली आली म्हणून समाधान व्यक्त केले जाते.

आता हिशेबाकडे वळू. समजा, एका केंद्रात ४० कर्मचारी आहेत. त्यांपैकी ३२ जण संख्येने मोठ्या गटातील आणि ८ जण लहान गटातील आहेत. ‘येथे कामाची वाटणी न्यायाने होते’ या विधानाला ३२ जणांनी सरासरी ४.५ गुण दिले व ८ जणांनी सरासरी २. एकूण गुण १४४ अधिक १६, म्हणजे १६० झाले. चाळिसांनी भागता सर्वांची सरासरी ४ आली. पाचापैकी चार हा आकडा कोणत्याही अहवालात शोभून दिसेल. परंतु त्या आठांच्या दृष्टीने हे केंद्र अन्यायाचे आहे, ही गोष्ट त्या चारमध्ये पूर्णपणे बुडाली. गणिताच्या तासाला सरासरी शिकविताना हे उदाहरण फळ्यावर घ्यावयास हरकत नाही. सर्वांची सरासरी काढूच नये असे नव्हे. परंतु प्रथम गटवार सरासरी काढावी व त्यांतील अंतर लिहावे. या पाहणीचे खरे फळ म्हणजे ते अंतर.

अशा अंतराचा एक प्रत्यक्ष अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. मोर बराक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या २,६८६ कर्मचाऱ्यांना सोळा विधानांची श्रेणी दिली होती. संस्था न्यायाने वागते काय, आपल्याला सामील करून घेते काय, निरनिराळ्या पार्श्वभूमीच्या लोकांबरोबर काम करणे मोलाचे वाटते काय, आणि ते करताना मनास अवघड वाटते काय, अशी त्यांची चार अंगे होती. गोऱ्या पुरुषांना ती संस्था जितकी न्यायी व सर्वसमावेशक वाटत होती, तितकी ती स्त्रियांना व अल्पसंख्य वंशांच्या कर्मचाऱ्यांना वाटत नव्हती. दार एकच, छप्पर एकच, नियमांचे पुस्तकही एकच होते. ज्याला अडथळा लागत नाही त्याला तो दिसत नाही, असा याचा सरळ अर्थ निघतो. त्यासाठी कोणी दुष्ट असावे लागत नाही.

दुसरा एक निष्कर्ष अधिक विचार करावयास लावणारा आहे. फे क्रॉस्बी यांचा नोकरी करणाऱ्या स्त्रियांविषयीचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील बॉस्टनजवळच्या न्यूटन या गावी तो झाला होता. सारख्या दर्जाचे काम करणाऱ्या पुरुषांच्या मानाने त्या स्त्रियांना वेतन कमी होते. नोकरीत स्त्रियांवर अन्याय होतो हे त्यांना मान्यही होते. परंतु ‘तुमच्यावर झाला काय?’ असे विचारता बहुतेकींनी आपल्या वाट्याला तसे आलेले नाही, असेच सांगितले. पुढील संशोधकांनाही अनेक समूहांत हीच विसंगती आढळली. स्वतःपुरते अन्याय मानणे जड जाते. त्यासाठी अन्याय करणारा म्हणून शेजारच्याच कोणाकडे तरी बोट दाखवावे लागते, आणि त्याच माणसाबरोबर उद्या पुन्हा काम करावयाचे असते. शिवाय एकट्या माणसास तुलना करता येत नाही. आपली अमुक शाळेवर नेमणूक का झाली याची शंभर कारणे सांगता येतात. शंभर नेमणुका शेजारी शेजारी मांडल्यावरच त्यांतील रीत दिसू लागते. याकरिता ‘आपल्याबाबत’ व ‘आपल्यासारख्या इतरांबाबत’ असे दोन्ही प्रश्न ठेवावेत, आणि जाणिवेच्या कागदाशेजारी कार्यालयातील नोंदी ठेवून पाहाव्यात : कोणास कोणती शाळा मिळाली, प्रशिक्षणास कोण गेले, पुरस्कारासाठी कोणाची नावे पाठविली गेली.

प्रश्नावलीची आणखी एक मर्यादा आहे व ती प्रश्न कितीही चांगले केले तरी जात नाही. जो आत आहे त्यालाच विचारता येते. मुंबईच्या कापड गिरण्यांत साचेखात्याची मजुरी सूतकताईच्या खात्यापेक्षा अधिक होती. धोट्यातील सूत बदलताना विणकराला त्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि तोच धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागे. या कारणाने अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात घेत नसत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न धसास लावण्याचा आग्रह धरला. साचेखात्यातील कामगारांपुढे कितीही उत्तम प्रश्नावली ठेवली असती, तरी त्या खात्याच्या दाराशी कोण अडविले गेले हे तिच्यातून कळले नसते.

दाराशी होणारा भेद मोजण्याची रीत वेगळी आहे. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तिचा नमुना आहे. वर्तमानपत्रांतील ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले. पात्रता सारखी, फरक आडनावाचा. उच्च जातीचे आडनाव असलेल्या अर्जदाराच्या मानाने दलित आडनावाच्या अर्जदारास पुढील टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, तर मुसलमान नावाच्या अर्जदाराची सुमारे एक-तृतीयांश आढळली. ज्यांना बोलावणे आले नाही त्यांना ते का आले नाही हे कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. त्यांची जाणीव मोजून हाती काय लागले असते?

पाहणी झाल्यावरच्या गोष्टी थोडक्यात. निकाल ज्यांनी उत्तरे दिली त्यांच्यापुढे ठेवावा. जे कागद कपाटात जातात, त्यांनंतरच्या पाहणीत खरे कोणी लिहीत नाही. एक-दोन गोष्टी लगेच बदलता येण्याजोग्या असतात, त्या बदलाव्यात आणि वर्षाने तेच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारावेत. दुसऱ्या वर्षी तक्रारीचे आकडे वाढले तर दचकू नये. लोकांना बोलण्याचा धीर आला, असाही त्याचा अर्थ असू शकतो. म्हणून मधल्या पायरीवरील खुणा घटल्या आहेत काय, हे त्याच वेळी पाहावे. तसेच प्रश्नावली ही तक्रार अर्जाची जागा घेत नाही. अस्पृश्यतेविरुद्ध १९५५ चा कायदा आहे व १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जातो. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यान्वये दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, व त्याहून लहान ठिकाणच्या स्त्रियांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. प्रश्नावलीच्या शेवटी या मार्गांची माहिती छापावी.

आजवर ज्यांना कोणी कागद दिलाच नाही, असा एक वर्ग प्रत्येक शाळेत आहे. पोषण आहार शिजविणाऱ्या मावशी व मदतनीस याही शाळेच्याच कर्मचारी आहेत; त्यांतील अनेकींना वाचता येत नाही, आणि तोंडी विचारले तर त्या ‘सगळं बरं हाय’ म्हणून मोकळ्या होतात. त्यांच्यासाठी दाण्यांची रीत वापरून पाहावी. केंद्रातील सर्व शाळांच्या मावशींना एकत्र बोलवावे व प्रश्न मोठ्याने वाचावा : ‘आपण शिजविलेले अन्न शाळेतील सर्वजण खातात काय?’ ‘शाळेत बसावयास खुर्ची किंवा सतरंजी दिली जाते काय?’ ‘मानधन लांबले तर विचारण्याचा धीर होतो काय?’ प्रत्येकीच्या हाती एक ज्वारीचा व एक हरभऱ्याचा दाणा द्यावा; ज्वारी म्हणजे होय, हरभरा म्हणजे नाही. आतल्या खोलीत एकेकीने जावे, उत्तराचा दाणा एका झाकलेल्या मडक्यात व उरलेला दुसऱ्या मडक्यात टाकावा, म्हणजे बाहेर येताना मूठ रिकामी असते. मडक्याच्या तळाशी फडके घालावे, नाही तर हरभऱ्याचा आवाज बाहेर ऐकू येतो. उत्तराचे मडके दर प्रश्नाला वेगळे ठेवावे. सर्व प्रश्न संपल्यावर मडकी सर्वांच्या देखत सुपात उपडी करावीत आणि दाणे मोजावयास मावशींपैकीच दोघींना बसवावे.